व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा आणि कामगाराचे मूल



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान बोलून गेले. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि खडवली ते मुंबई या लोकलच्या डब्यात. असा माणूस व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेश परीक्षेवर बोलायला उभा राहतो याचे कित्येकांना नवल वाटेल. तेव्हा हा विषय मी का घेतला हे आधी सांगितले पाहिजे.

२००७ च्या सुमाराची गोष्ट आहे. आमच्या संघटनेचे एक सभासद आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा नुकताच पदवीधर झाला होता, गणितात चांगला होता, आणि त्याला एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसायचे होते. वडिलांनी विचारले, "साहेब, बसवू का याला?" मी हसून म्हणालो, "आपल्याच पोरांना साहेब करून आपल्याच उरावर बसवायचे आहे का?" सगळे हसले. मुलगाही हसला. पण तो परीक्षेला बसला नाही. आज तो एका गोदामात कंत्राटी हिशेबनीस आहे आणि भेटला की मला आदराने नमस्कार करतो. तो नमस्कार मला बोचतो. ज्या परीक्षेची मला काडीचीही माहिती नव्हती, तिच्याविषयी मी मोठ्या अधिकाराने निकाल देऊन टाकला होता. त्यानंतर मी ती परीक्षा समजावून घेतली. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, हे शिक्षण आले कोठून? अमेरिकेत व्हार्टनची संस्था १८८१ साली निघाली, हार्वर्डची १९०८ साली. व्यापाराच्या शिक्षणाला इच्छुक फार आणि जागा थोड्या अशी स्थिती आली, तेव्हा १९५४ साली तेथे एक समान प्रवेश परीक्षा सुरू झाली. ती आज जीमॅट म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे आयआयएम निघाल्या. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली चर्चगेटला सुरू झाली. पवईची निटी १९६३ सालची; तीच २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. नागपूरला आयआयएम २०१५ पासून आहे.

या यादीतले एक नाव मला फार उशिरा कळले. जमशेदपूरची एक्सएलआरआय ही संस्था फादर क्विन एनराइट या जेसुइट धर्मगुरूंनी १९४९ साली काढली. पोलादाच्या त्या गावात व्यवस्थापक आणि कामगार संघटना या दोघांनाही शिकवावे हा तिचा आरंभीचा हेतू होता. म्हणजे आपल्या देशातील व्यवस्थापन-शिक्षणाच्या पहिल्या वर्गांत कामगार पुढारीही बसत होते. हे मला २००७ साली ठाऊक असते तर मी ती थट्टा केली नसती.

आता परीक्षेकडे वळू. खडवलीच्या, वासिंदच्या किंवा टिटवाळ्याच्या पदवीधर मुलापुढे मुख्यत्वे दोन दरवाजे आहेत. एक राज्याची सीईटी आणि दुसरी आयआयएमची कॅट. राज्यातील संस्थांतले एमबीए किंवा एमएमएसचे प्रवेश प्रामुख्याने सीईटीवर होतात. कोणत्याही शाखेची पदवी चालते. साधारणपणे ५० टक्के गुण लागतात, राज्यातील राखीव प्रवर्गांना ४५. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यालाही परीक्षेला बसता येते.

२०२५ च्या सीईटीत २०० प्रश्न होते आणि वेळ १५० मिनिटे. तर्कशक्तीचे ७५, आकृत्यांच्या तर्काचे २५, अंकगणिताचे ५० आणि इंग्रजी भाषेचे ५०. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. १५० मिनिटांचे सेकंद होतात ९,०००. त्यांना २०० ने भागा. एका प्रश्नाला ४५ सेकंद मिळतात. या एका आकड्यात त्या परीक्षेचे सगळे मर्म आहे. त्यातला एकेक प्रश्न सुटा घेतला आणि पाच मिनिटे दिली, तर दहावीच्या गणिताचा चांगला विद्यार्थी बहुतेक सोडवील. परीक्षक विचारतो ते वेगळे असते. दोनशे प्रश्नांतून तुझ्या हातचे कोणते, हे तू घड्याळाकडे पाहून ठरवू शकतोस का?

कॅटचा थाट निराळा. २००९ पासून ती संगणकावर होते. २०२४ साली तिच्यात ६८ प्रश्न आणि १२० मिनिटे होती; भाषा, माहितीचा अर्थ लावणे व तर्क, आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटे. एका भागातील वेळ दुसऱ्या भागाला वापरता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण मिळतात आणि पर्यायांच्या प्रश्नात चुकले तर १ गुण जातो. येथे एक हिशेब समजून घ्या. चार पर्याय असताना डोळे मिटून उत्तर दिले, तर चारांत एकदा ३ मिळतात आणि तीनदा १ जातो, नफा शून्य. पण विचार करून एक पर्याय जरी खात्रीने खोडता आला, तरी तीनांत एकदा ३ मिळतात आणि दोनदा १ जातो. म्हणजे दर तीन प्रश्नांत १ गुण पदरात पडतो. म्हणून कॅटमध्ये अंधारात दगड मारू नये, आणि गुणकपात नसलेल्या सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नये. मात्र नियम बदलत असतात. फॉर्म भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि त्या शब्दाने पुष्कळ आईबाप फसतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत; ती रांगेतली जागा आहे. तिकिटाच्या खिडकीपुढे शंभर माणसे उभी आहेत असे समजा. तुमच्या मागे नव्वद असतील तर तुम्ही सुमारे नव्वदाव्या पर्सेंटाइलवर आहात, मग तुमचे गुण कितीही असोत. एक लाख मुले बसली तर ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे १,००० जण उभे असतात, आणि ९९.९ वाल्याच्या पुढे १००. म्हणून ९५ मिळाले म्हणजे पेढे वाटावेत असे नाही, आणि पेपरात ८० प्रश्न सुटले नाहीत म्हणून रडत बसावे असेही नाही. सगळ्यांनाच पेपर अवघड गेला असेल, तर रांग तेथेच राहते.

आता तयारी. मी पाहिले आहे की कामगाराच्या घरातले मूल या परीक्षेला समजतो तितके परके नसते. त्याच्या घरात जे बोलले जाते त्याचेच पुष्कळसे गणित तेथे विचारतात.

शेकडेवारी घ्या. बोनसच्या कायद्यात किमान बोनस ८.३३ टक्के का? कारण तो वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे एक महिन्याचा पगार आहे. ज्याने हे ओळखले त्याला ८.३३ ने गुणत बसावे लागत नाही; तो १२ ने भागतो आणि मोकळा होतो. तसेच १२.५ म्हणजे आठवा हिस्सा, १६.६७ म्हणजे सहावा, १४.२८ म्हणजे सातवा, ११.११ म्हणजे नववा. हे पंधरा-वीस अपूर्णांक पाढ्यांसारखे पाठ झाले की अंकगणिताच्या भागातला निम्मा भार हलका होतो.

दुसरे उदाहरण मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका कारखान्यात मंदीच्या वर्षी एक भत्ता २० टक्क्यांनी कापला गेला. पुढे वाटाघाटीत मालकांनी तोच भत्ता २० टक्क्यांनी वाढवून देण्याचे कबूल केले. आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा स्टोअरमधले एक वृद्ध कारकून मला बाजूला घेऊन म्हणाले, "शंभराचे ऐंशी झाले. ऐंशीचे वीस टक्के सोळा. झाले किती? शहाण्णव." भत्ता मूळ जागी आणायला २५ टक्के वाढ मागायला हवी होती. हाच प्रश्न, नावे बदलून, प्रवेश परीक्षेत येतो. परीक्षेत चुकले तर एक गुण जातो. वाटाघाटीच्या टेबलावर आम्ही चुकलो तेव्हा तीन वर्षांच्या कराराचे चार टक्के गेले.

काळ-काम-वेगाचे तसेच. एक माणूस एक काम १२ दिवसांत करतो, दुसरा १८ दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत? शाळेत अपूर्णांकांची बेरीज शिकवतात. त्यापेक्षा काम ३६ नगांचे समजा. पहिला रोज ३ नग काढतो, दुसरा २. दोघे मिळून ५. मग ३६ भागिले ५, म्हणजे ७.२ दिवस. नगावर काम केलेल्या बापाला हे एका वाक्यात समजते. त्यानेच ते मुलाला सांगावे.

तर्कशक्तीच्या भागात विधाने देऊन निष्कर्ष विचारतात. 'सर्व फिटर संघटनेत आहेत. संघटनेतले काही जण खडवलीचे आहेत. म्हणून काही फिटर खडवलीचे आहेत.' हे बरोबर का? ऐकायला बरोबर वाटते. पण खडवलीचे जे सभासद आहेत ते सगळे वेल्डर असू शकतील. निष्कर्ष निघत नाही. सभेत ज्याने असली घाईची वाक्ये ऐकून खोडली आहेत, त्याला येथे अडचण पडू नये.

नात्यांचे प्रश्नही येतात आणि मराठी मुले तेथे अडखळतात. कारण आपली भाषा श्रीमंत आहे. आत्या, मावशी, काकू आणि मामी या चौघींना इंग्रजीत 'आन्ट' हा एकच शब्द. नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी या सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'. प्रश्नात 'आन्ट' दिसली की आपले मन नकळत एक नाते धरून बसते. त्यावर उपाय सोपा आहे. कागदावर पिढ्यांची आडवी रेघ ओढावी, पुरुष-बाईची खूण करावी आणि जेवढे सांगितले आहे तेवढेच मांडावे.

इंग्रजीची धास्ती मात्र खरी आहे. सीईटीचा पेपर इंग्रजीत असतो आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचे धैर्य तेथेच खचते. मी इंग्रजी शिकलो ते करारांच्या मसुद्यांवरून. 'प्रोव्हायडेड दॅट' हे दोन शब्द आले की आधी दिलेले पुढे काढून घेतले जाणार, आणि 'नॉटविथस्टँडिंग' आले की वरचे सारे बाजूला ठेवले जाणार, हे मला नुकसान झाल्यावर कळले. उताऱ्याच्या प्रश्नांत हेच विचारतात. लेखक कोठे वळला? कोणत्या 'परंतु'पाशी त्याने मत बदलले? म्हणून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचावा आणि त्याचे म्हणणे मराठीत दोन वाक्यांत लिहावे. शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा याने लवकर गुण येतो. खडवलीहून मुंबईला जायला दीड-पावणेदोन तास लागतात. आसनगाव किंवा कसाऱ्याची लोकल चुकली आणि टिटवाळा लोकल हाती लागली, तर टिटवाळ्याला वाट पाहण्याचा वेळ आणखी. हा वेळ आपल्याला शाप वाटतो. वाचनाला तो पुरतो. घरी जागा नसेल तर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्याला १८९३ सालचे मराठी ग्रंथ संग्रहालय आहे.

सहा महिन्यांची आखणी मी अशी सुचवतो. पहिले दोन महिने पाया घालावा: शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, विधाने, बैठकव्यवस्था, आकृत्या. पुढचे दोन महिने प्रत्येक विषयाचे घड्याळ लावून छोटे पेपर सोडवावेत. शेवटचे दोन महिने पूर्ण लांबीचे सराव पेपर, आठवड्याला एक, पुढे दोन, प्रत्यक्ष परीक्षेच्याच वेळेला. नमुना चाचणी परीक्षा घेणाऱ्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. नोकरी करणाऱ्याने रोज दोन तास दिले तरी हे साधते.

पण पेपर सोडवणे हे अर्धेच काम. आमच्या संघटनेच्या कार्यालयात तक्रारवही असते. तशी एक चूकवही ठेवावी. प्रत्येक पेपरानंतर चुकलेला प्रश्न तीन रकान्यांपैकी एकात लिहावा: 'येतच नव्हते', 'येत होते, घाई झाली' आणि 'सोडून द्यायला हवा होता'. पहिल्या रकान्यावर उपाय अभ्यास, दुसऱ्यावर सराव. तिसरा रकाना सर्वांत भरलेला निघतो आणि त्याकडे कोणी पाहत नाही. हुशार मुले एका प्रश्नाला हट्टाने चार मिनिटे देतात आणि तेवढ्यात पाच सोपे प्रश्न हातचे घालवतात. आमच्या खडवलीला भातसा नदी आहे. सुट्टीच्या दिवशी दूरदूरचे लोक तेथे पोहायला येतात. काठावरून पाहून कोणी पोहायला शिकत नाही, हे तर खरेच. पण गावच्या पोराला आणखी एक गोष्ट ठाऊक असते, की अमुक ठिकाणी उतरायचे नाही. परीक्षेतही कोठे उतरायचे नाही हे शिकावे लागते, आणि ते चूकवहीच शिकवते.

क्लास लावावा काय, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. ऐपत असेल तर लावावा. क्लासात शिस्त आणि सोबत मिळते. परंतु भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून, सोने गहाण ठेवून लावू नये. चार मुलांनी मिळून पुस्तके घ्यावीत, रविवारी एकत्र पेपर सोडवावा आणि एकमेकांच्या चुका तपासाव्यात. संघटित होण्याचा फायदा काय, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता एक सूचना, जी पुस्तकांत सापडत नाही. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया होते. तीत मुलाखत नसते. गुणानुक्रम आणि कागदपत्रे यांवर जागा मिळते. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांपैकी आपल्याला जे लागू असेल ते अभ्यासाला बसण्याच्या दिवशीच तहसील कचेरीत अर्ज करून मागावे. गुण मिळवूनही कागदाअभावी जागा हुकलेली मुले मी पाहिली आहेत. या प्रक्रियेतूनच प्रवेश घेतला तर शासनाच्या शुल्क सवलती मिळतात. ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात १०० टक्के सवलत आहे. संस्थेच्या आपल्या कोट्यातून पैसे भरून गेले तर ती मिळत नाही.

आणि संस्था निवडताना माहितीपत्रकातील 'सरासरी पगार' या शब्दाला भुलू नका. नऊ जणांना ३० हजार आणि एकाला २ लाख ३० हजार मिळाले, तर सरासरी ५० हजार निघते. पण ५० हजार कोणालाच मिळालेले नसतात. रांगेतल्या मधल्या माणसाला किती मिळाले ते विचारा. मालक मंडळी सरासरी वेतन सांगतात तेव्हा आम्ही हाच प्रश्न विचारतो. कर्ज काढायचे असेल तर दरमहा हप्ता किती, आणि त्या मधल्या पगारातून तो भागतो का, हे आधी मांडा. हा हिशेब जमत नसेल, तर ती जागा सोडून द्यायच्या प्रश्नांपैकी समजावी.

काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातील एका कंत्राटी कामगाराची मुलगी माझ्याकडे आली. या वेळी मी थट्टा केली नाही. पहिल्या वर्षी तिचे गुण कमी पडले. चूकवही काढली तर तिसरा रकाना तुडुंब. दुसऱ्या वर्षी तिने पेपरात चाळीसएक प्रश्न पहिल्या फेरीत न वाचल्यासारखे सोडले, शेवटच्या पाच मिनिटांत त्यांवर खुणा केल्या, आणि तिला सरकारी प्रक्रियेतून जागा मिळाली. निघताना मी तिला माझा जुनाच प्रश्न विचारला, पण आता थट्टा म्हणून नव्हे. उद्या तू टेबलाच्या पलीकडे बसलीस तर? ती म्हणाली, "काका, मी पलीकडे बसले म्हणून बाबांचा पगार किती होता हे विसरेन का?"

ती विसरेल की नाही हे काळ सांगेल. काही विसरतील. परंतु टेबलाच्या पलीकडे कोणी ना कोणी बसणारच आहे. ज्याने ९६ आणि १०० मधला फरक बापाच्या पगारपत्रकावर पाहिला आहे असा एखादा जरी तेथे असला, तरी बोलणी वेगळी होतील असे मला वाटते. ज्या मुलाला मी हसून परत पाठवले, तो कदाचित तसा झाला असता. आपल्यापैकी कोणाकडे असे मूल विचारायला आले, तर त्याला ४५ सेकंदांचा हिशेब सांगा, चूकवही करायला लावा आणि दाखल्यांसाठी उद्याच कचेरीत पाठवा. माझ्यासारखे हसू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.